गोंदलेला पिन

आमचुराचा आंबट वास आला की मला मोलगीचा बाजार आठवतो. तिथल्या बँकेत मी नवीनच लागलो होतो. आमचूर विकणारी एक म्हातारी एटीएमपाशी आली आणि तिनं हात पुढे केला. जुन्या हिरव्या गोंदणाखाली चार ताजे, सुजलेले आकडे! "मावशी, पिन कुणाला सांगायचा नसतो," मी हादरून म्हणालो. "कोणलेच सांगं नही," ती दुखावली. "विसरी जास ना मी, म्हणीसन गोंदी लिधा." पिन बदलता येतो म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. कधीच विसरणार नाही असा आकडा तिनं निवडला आणि माझ्यापासूनही लपवत, पदर आडवा धरून दाबला. "आता या गोंदणाचं काय?" मी विचारलं. "ऱ्हाऊ दे चोरसाठे!" ती हसली. आजही पिन दाबताना मी नसलेला पदर आडवा धरतो.