दमणीची खिडकी

आर्वीच्या कापूस बाजारामागच्या मैदानावर दर हिवाळ्यात नाटकाचा मांडव पडायचा. पुढे पत्र्याच्या खुर्च्या, मागे जमीन. जमिनीचं तिकीट मैदानाच्या फाटकावर मिळायचं आणि खुर्चीचं तिकीट मधुकररावांच्या कापड दुकानाच्या ओट्यावर. मांडवाचा ठेका त्यांचाच होता. ओटा चांगला कंबरेइतका उंच, फरशीचा, रोज धुतलेला. त्यावर कोणी चढू नये अशी पाटी नव्हती. पाटी असती तर बरं झालं असतं. पाटी उपटून फेकता येते. पाटी नव्हती म्हणून रोजंदारीची बाई आपणहून खाली रस्त्यावर उभी राहायची, आणि खाली उभं असलेल्याला मधुकरराव न विचारता सांगायचे, "जमिनीचं फाटकावर."

आणीबाणी उठून पहिला हिवाळा होता. त्या हिवाळ्यात कांता त्या ओट्यावर चढली. चपला घालून चढली.

"खुर्चीचं एक द्या."

मधुकरराव कापड मोजत होते. मान वर केली नाही. "जमिनीचं फाटकावर."

"जमीन मले ठाऊक हाय जी. जमिनीवरच जलमली मी. खुर्चीचं द्या."

तेव्हा त्यांनी पाहिलं. आधी चपला पाहिल्या, मग तिला. "खुर्च्या गेल्या."

कांता जमिनीचं तिकीट काढून आत गेली. नाटकात काय झालं हे तिला आजही सांगता येणार नाही, कारण ती सगळा वेळ दुसऱ्या ओळीकडे बघत होती. पहिला अंक संपेपर्यंत ती ओळ रिकामी. मग मधुकररावांचे सोयरे जेवून-खाऊन, पान चघळत आले, आणि त्यांची लेकरं दोन-दोन खुर्च्यांवर आडवी होऊन झोपली. गेलेल्या खुर्च्या त्या ह्या.

कांताला राग लवकर यायचा, आणि ज्यांना तो परवडत नाही त्यांना तर तिचा राग भारीच गैरसोयीचा वाटायचा. आधी ती जिनिंगमध्ये होती. सरकी निघते तिथं, कापसाच्या धुरळ्यात. प्यायच्या पाण्याचा माठ बायांच्या बाजूलाही ठेवा, एवढंच म्हणाली होती. मुकादम म्हणाला, तहान लागली तर घरी जा. ती गेली, पण जाताना माठ घेऊन गेली. पुन्हा तिला कामावर कोण घेणार? शाळा तिनं बाहेरूनच पाहिलेली. वाचायला शिकली ती किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर आणि भिंतीला चिकटलेल्या नाटकांच्या जाहिरातींवर. त्यामुळे तिला मोठी अक्षरं आधी आली, बारीक नंतर.

पुढच्या वर्षी नाटक कंपनीचे मालक प्रभाकरराव मैदान ठरवायला आर्वीत आले तेव्हा कांता धर्मशाळेत जाऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

"पुढच्या अर्ध्या खुर्च्या मले द्या इकाले."

प्रभाकरराव चहा पीत होते. बशी खाली ठेवली. "तुमचं दुकान कुठं आहे, बाई?"

"दुकान नाई. जिथं पब्लिक असन तिथं मी जाईन. वावरात, बाजारात, विहिरीवर. तुमची खिडकी जागची हालत नाई, म्हणून तुमच्या पुढच्या ओळी ओस पडतेत."

हे त्यांना लागलं, कारण ते खरं होतं. मधुकररावांचे पाहुणे पासावर यायचे, तेही उशिरा. प्रभाकरराव म्हणाले, "मी तीस वर्षं तोंडाला रंग लावतो. एक ऐका. खुर्ची नुसती विकून भागत नाही. ती भरली पाहिजे. पडदा उघडला आणि समोर रिकामी खुर्ची दिसली की नटाच्या तोंडातला शब्द मरतो. खेळाला त्या खुर्च्या भरलेल्या दिसल्या तर दर वर्षी तुमच्या. रिकाम्या दिसल्या तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका."

"भरन," कांता म्हणाली.

तिचा नवरा तानबा कापूस बाजारात बंडी हाकायचा. कमी बोलणारा, पण बोलला की टोचणारा. त्याच्या जुन्या मालकाची एक दमणी कडुनिंबाखाली कुजत पडली होती. दमणी म्हणजे वरून छत, बाजूंनी तट्टे लावलेली हलकी बैलगाडी. मोठ्या घरच्या बायका तिच्यात झाकून जायच्या-यायच्या. मालकाच्या घरी मोटारसायकल आली आणि दमणीची गरज सरली. तानबानं ती मागून आणली, चाकाला नवी धाव चढवली आणि विळा घेऊन तट्ट्यापुढे उभा राहिला.

"खिडकी कितीक उंच पाडू?"

"भागाबाईच्या तोंडाइतकी."

भागाबाई जवळच्या रोहणा गावची. कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीची पुढारी, ठेंगणी, काळीभोर, आवाज मात्र अख्ख्या वावराला पुरणारा.

"मंग मोठ्या माणसाईले वाकावं लागन," तानबा म्हणाला.

"लागू दे."

आत एक फळी बसवली. फळीच्या वरच्या अंगाला चुन्याचा जाड पट्टा: हे स्टेज. खाली ओळीनं खिळे: एक खिळा, एक खुर्ची. मध्ये दोन ठिकाणी काड्या बांधल्या: हे मांडवाचे खांब, यांच्या मागचं घेऊ नका. प्रत्येक खिळ्याला त्या खुर्चीचं तिकीट टोचलेलं. वाचता येवो न येवो, बाईनं बोट दाखवायचं आणि आपल्या हातानं तिकीट खिळ्यावरून काढायचं. देणारी कांता नव्हती, घेणारी ती बाई होती. कांताचा सगळा डाव या एका गोष्टीवर होता.

दमणी पहिल्यांदा बाजारातून निघाली तेव्हा मधुकरराव ओट्यावरून म्हणाले, "काऊन व कांता, दमणीत तं सासरी जाणाऱ्या पोरी बसतेत."

"हो ना भाऊ. तुमच्या घरच्या तिकिटा उजवून राह्यलो आमी. लय दिवस ओट्यावर बसल्या होत्या बिचाऱ्या."

रस्त्यावरचे हसले. मधुकररावही हसले, पण ओठांनी.

रोहण्याला मालक किसनरावांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दमणी थांबली तेव्हा बाया न्याहारीला बसल्या होत्या. कमरेच्या ओट्या कापसानं फुगलेल्या, हातात भाकर. भागाबाई उठून आली. खिडकी बरोबर तिच्या तोंडापाशी. तिनं आत डोकावून पाहिलं, बराच वेळ.

"हे काय व? खिळ्याचं दुकान टाकलं का?"

"हे स्टेज. ह्या खुर्च्या. बोट लाव."

"खुर्चीवर बसून माही कंबर दुखन."

"वाकून वाकून दुखते तवा चालते?"

बाया खिदळल्या. भागाबाईनं हात लुगड्याला पुसला आणि पट्ट्याखालच्या पहिल्या ओळीतला, मधोमधचा खिळा धरला. तिकीट काढलं, उलटंसुलटं पाहिलं, पदराच्या टोकाला बांधलं आणि गाठ दातांनी आवळली. मग रांग लागली. जिजा म्हणाली, मले भागाबाईच्या शेजारचा. दुसरी म्हणाली, मले जिजाच्या मागचा नको, थे लय हालते. चुकाऱ्याचा दिवस होता, हातात पैसे होते. पुढच्या दोन्ही ओळींचे खिळे उघडे पडले.

संध्याकाळी गावात दमणीजवळ स्वतः किसनराव आले. दरवर्षी पहिल्या ओळीत बसणारा माणूस. उंच. खिडकीतून बोलायला त्यांना गुडघ्यांवर हात ठेवून वाकावं लागलं.

"पुढचं दे दोन."

"पुढचे गेले, मालक. तिसऱ्या ओळीत हायेत."

"कोणाले गेले?"

"तुमच्याच वावरात."

किसनरावांनी आत वाकून उघडे खिळे मोजले. मग तिसऱ्या ओळीतली दोन काढली. ताठ होऊन, मिशीवर हात फिरवत म्हणाले, "इकल्या तू. पण बसतेत का त्या, हे पाहू. मी इथं असतो बाई, तू नसतं. तुले ठाऊक नाई त्या."

हे वाक्य कांताच्या कानात मुंगीसारखं राहिलं. तिला वाटलं, हा धमकी देतो. धमकी नव्हती ती, माहिती होती.

खेळाच्या दिवशी दिवेलागणीला रोहण्याच्या बाया दोन बंड्या भरून आल्या. धुतलेली लुगडी, केसांना तेल. फाटकावरच्या माणसानं सवयीनं मागं हात दाखवला. भागाबाईनं पदराची गाठ पुढे केली. त्यानं बाजूला होऊन वाट दिली. बाया रांगेनं आत गेल्या. स्टेज आणि पहिल्या ओळीच्या मधल्या पट्टीत पाहुण्यांच्या लेकरांसाठी सतरंजी टाकलेली होती. भागाबाई त्या सतरंजीवर बसली. तिच्यामागून सगळ्या बसल्या.

दोन ओळी खुर्च्या रिकाम्या.

कांता फाटकापासून आत आली आणि जागीच थांबली. तिसऱ्या ओळीत किसनराव, त्यांच्या शेजारी त्यांचे म्हातारे काका लक्ष्मणराव. किसनरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही, मिशीवर तेवढा हात फिरवला. पडद्याची कड हलली. कोणीतरी आतून खुर्च्या बघत होतं. पहिली घंटा झाली.

कांता भागाबाईजवळ उकिडवी बसली. आवाज दाबून म्हणाली, "काऊन व? तुही खुर्ची मागं हाय."

"हाय ना. पाह्यली म्या. चांगली हाय."

"मंग बस ना तिच्यावर."

"मांगं लक्ष्मण मामाजी बसले. साऱ्या गावाचे सासरे होतेत थे. त्याईच्या डोळ्यापुढं पाय लोंबकळून उंच कशी बसू? तुह्या सासऱ्यापुढं बसतं का तू बाजेवर?"

कांता खोटं बोलू शकली असती. तिचा सासरा बाजेवर असला की ती स्वतः उंबऱ्यापाशी बसायची. बाहेर अख्ख्या आर्वीशी भांडून आलेली असली तरी. तिच्या तोंडाला आलेली शिवी तोंडातच राहिली. मधुकररावांचा ओटा तिला दिसला होता. हा दुसरा ओटा तिला दिसलाच नव्हता, कारण त्याच्याखाली तीही बसत होती.

दुसरी घंटा झाली. मधुकरराव मांडवातून आले, खुर्च्या पाहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "किसनराव, या पुढं. रिकाम्या ठेवाच्या काऊन? बायाईले सतरंजी बरी वाटते."

किसनराव उठले. काकांना हात देऊन उठवू लागले. काका म्हणाले, "मी इथंच बरा." तेव्हा एकटेच पुढे आले आणि मधोमधच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

भागाबाई खाली बसूनच म्हणाली, "मालक, थे माही हाय."

"तुले बसाचं नाई ना?"

"बसाचं नाई. पण माही हाय."

"मंग रिकामीच राहू द्याची का?"

उत्तर कांतानं दिलं. ती उठून उभी राहिली. "बराबर हाय मालकाचं. भागाबाई, तुले नको असन तं त्याले तिकीट देऊन टाक. फुकट नको बसू देऊ, तिकिटावर बसू दे. सोड गाठ."

भागाबाईचा हात पदराकडे गेला. गाठ दातांनी आवळलेली, चिवट. तिनं नखानं एकदा उकलून पाहिली. मग तिचा हात थांबला. तिनं मागं वळून त्या खुर्चीकडे पाहिलं, त्या पाठीवरच्या हाताकडे पाहिलं. वावरात तिच्या ओटीतला कापूस तो हात रोज चिमटीत धरून पाहायचा, ओला आहे का म्हणून.

"नाई सोडत," ती म्हणाली.

उठली. पदर डोक्यावरून चांगला पुढे ओढला, लक्ष्मणरावांकडे वळून हात जोडले, आणि खुर्चीवर चढली. चढली म्हणजे चढलीच: दोन्ही पाय वर घेतले, मांडी घातली, लुगडं गुडघ्यांखाली खोचलं. पाय लोंबकळले नाहीत. वावराच्या धुऱ्यावर भाकर खायला बसते तशी बसली, फक्त हातभर उंचावर.

जिजानं ते पाहिलं आणि शेजारच्या खुर्चीवर तशीच मांडी घातली. खुर्च्या करकरू लागल्या. बघता बघता दोन्ही ओळींत पदरच पदर.

"अहो, पत्रा मोडन," मधुकरराव म्हणाले. "खुर्चीवर पाय घेऊन बसतेत का कुठं?"

"तिकिटावर लिवलं असन तं वाचून दाखवा," कांता म्हणाली. "पाय कुठं ठेवाचे थे. मोठ्या अक्षरात असो का बारीक, मले दोन्ही येते."

मागून, जमिनीवरून, कोणी तरी शिटी मारली. लक्ष्मणराव खोकले आणि पुतण्याला म्हणाले, "किसन, बस बे खाली. मले दिसत नाई." तिसरी घंटा झाली. किसनराव आपल्या ओळीत परतले तेव्हा पडदा वर जात होता, आणि स्टेजवर उभे असलेले प्रभाकरराव पहिलं वाक्य म्हणायच्या आधी समोरच्या दोन ओळींकडे एक नजर टाकून घेत होते.

त्या खेळात नाटक काय होतं, हेही कांताला सांगता येत नाही. घरी जाऊन ती मात्र सासऱ्यासमोर, बाजेच्या दुसऱ्या टोकाला, मांडी घालून बसली. म्हातारा थोडा सरकला.

पुढच्या हिवाळ्यात दमणी रोहण्याला पोचली तेव्हा बाया आधीच धुऱ्यावर येऊन उभ्या होत्या. भागाबाईनं खिडकीतून आत हात घातला. "माहा खिळा हाय ना व?" तिच्यामागे जिजा, जिजाच्या मागे बाकीच्या, आणि सगळ्यांच्या शेवटी, पागोटं सावरत, किसनराव.

ते रांग सोडून पुढे आले आणि सवयीनं वाकले.

"तिसरी ओळ तरी हाय का?"

कांतानं फळीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हाय ना, मालक. रांगेत या. तुमच्या पाळीपर्यंत राह्यली तं तुमची."