मुरल्याशिवाय झाकण काढायचं नाही

एल्मा निएमीइतकी हट्टी बाई आमच्या हॅन्कॉक गावात दुसरी नाही. तिनं आयुष्यभर शाळेची बस चालवली, तीही आमच्याकडच्या बर्फात, आणि पोरं तिला टरकून असायची. निवृत्त झाल्यावर ती घरी बिअर करणाऱ्यांच्या आमच्या मंडळात आली. तेव्हापासून आम्ही म्हातारे तिला टरकून असतो.

मी रॉय. नळकाम करायचो. स्वभावानं उतावळा. बिअर बाटलीत भरली की आठवडाभरात माझे हात शिवशिवायला लागतात. "रॉय, तू अंडं फुटायच्या आधीच पिल्लाची पिसं उपटशील!" असं ती चारचौघांत सुनवायची.

त्या पानगळीत एल्मानं जड बिअर केली. अशी, की एका ग्लासात बडबड्या माणूस गप्प व्हावा. साधी बिअर दोन-तीन आठवड्यांत बाटलीत फसफसायला लागते. जडचं तसं नाही. एवढी दारू बनवता बनवता यीस्ट बिचारं दमून जातं, फेस यायला उशीर लागतो, आणि फेस आला तरी दारूचा जाळ निवायला वर्ष सहज जातं. म्हणून एल्मानं बाटल्या भरताना चिमूटभर ताजं यीस्ट आणि मोजकी साखर घातली. काही आठवडे बाटल्या स्वयंपाकघरात शेगडीमागे उबेला ठेवल्या, मग थंड तळघरात नेल्या. "पुढच्या पानगळीपर्यंत कुणी हात लावला तर हात मोडीन," तिनं जाहीर केलं.

नाताळाच्या आधी तिच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. किरणांचे उपचार करायचे ठरले. डॉक्टर म्हणाले, चव जाईल. परत येईल, पण कधी आणि किती, ते सांगता येत नाही.

तिचा नवरा वॉल्ट माझ्या दारात येऊन उभा राहिला. "रॉय, माझं ती ऐकत नाही. तू तरी सांग. आयुष्यातली सगळ्यात भारी बिअर केलीय तिनं, आणि तिलाच तिची चव कळणार नाही? एक बाटली उघड म्हणावं."

मी तडक गेलो. ती वेलदोड्याच्या पावाचं पीठ मळत होती.

"वॉल्टनं पाठवलं ना?"

"हो. आणि बरोबर बोलतोय तो. उघड एक."

"आत्ता काय लागेल, ठाऊक आहे? काकवीत ओतलेलं स्पिरिट. ते पिऊन तीच चव शेवटची म्हणून जिभेवर घेऊन बसू?"

"अगं, पण नंतर चवच नसली तर?"

"तर नसू दे! बिअर माझी, जीभ माझी. पीठ मळायला हात लाव, नाहीतर चालता हो."

असा संताप आला म्हणून सांगू! एवढं आजारपण दारात उभं, आणि ही बाई नियम सांगतेय! दार आपटून निघालो, गाडीत बसलो आणि ढसाढसा रडलो.

उपचारांनी तिचे फार हाल केले. घसा सोलवटला, पोटात नळी घालावी लागली, आवाज गेला. पण वॉल्ट तळघराच्या पायऱ्यांकडे वळला की ती सोफ्यावरून चमच्यानं टेबल बडवायची. वॉल्ट निमूट मागे फिरायचा.

पुढच्या पानगळीपर्यंत गाठ विरली होती, आवाजही परतला होता. चव मात्र आली नव्हती. वास थोडाफार कळायचा, जिभेला काहीच नाही. डॉक्टरांनी एखाद्या घोटाला परवानगी दिली तशी तिनं आम्हां सगळ्यांना बोलावलं आणि स्वतःच्या हातानं झाकण काढलं. फुस्स! फेस वर आला, बारीक आणि दाट. तिनं घोट घेतला, तोंडात फिरवला.

"पाणी," ती म्हणाली.

मग तिनं तोच ग्लास माझ्यासमोर धरला. "आता तू पी. माझी जीभ आज तू. आणि खोटं बोललास, तर या घरात पाऊल टाकायचं नाही."

मी प्यायलो. तिच्यामागे वॉल्ट हात जोडल्यासारखा उभा होता, ‘चांगली आहे म्हण’ एवढंच नजरेनं सांगत. मलाही तेच म्हणायचं होतं हो! फेस झकासच होता. पण दारू अजून घशाला चटका देत होती, गोडवा एकीकडे आणि कडूपणा दुसरीकडे. कसंबसं तोंड उघडलं.

"एल्मा, फेस उत्तम आलाय. पण मुरली नाही. कच्ची आहे अजून."

"रॉय!" वॉल्ट ओरडला.

एल्मा माझ्याकडे टक लावून बघत होती. "खरंच कच्ची?"

"शपथ. जाळ आहे अजून."

"किती लागेल?"

"आणखी एक हिवाळा. निदान."

ती हसायला लागली. वर्षभरात पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग टेबलावर थाप मारली.

"वॉल्ट, ऐकलंस? बाकीच्या बाटल्यांना हात लावायचा नाही. ग्लास खाली ठेवा रे सगळ्यांनी! पुढच्या वर्षी या. पहिला घोट माझा." मग तिनं जीभ बाहेर काढून तिच्याकडे बोट दाखवलं. "तोवर हिलाही एक हिवाळा दिला."