सहाव्यांदा नको

कुवेतमध्ये मी डायलिसिसच्या वॉर्डात काम करते. पहाटे साडेपाचला रिग्गईतल्या आमच्या इमारतीखाली स्टाफची बस येते, सहाला आम्ही मशिनं तयार करायला घेतो आणि सातच्या आत पहिले पेशंट खुर्च्यांवर असतात. पेशंट आला की आधी त्याचं वजन करायचं. मागच्या खेपेपासून अंगात किती पाणी साठलंय ते त्यावरून कळतं. चार तासांनी मशीन सुटलं की पुन्हा वजन. ही दोन वजनं लिहिता लिहिता माझी अकरा वर्षं इथे गेली.

मग आईच्याही किडन्या गेल्या. माझे पेशंट घरून अर्ध्या तासात पोचायचे. आई गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जीपने जायची, अडीच तास जायला, अडीच तास यायला, आठवड्यातून दोनदा. वहिनी तिच्यासोबत असायची. दादा शाळेत शिक्षक, त्याला सारखी रजा मिळत नसे. पण डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी तो मला न चुकता दोन आकडे पाठवायचा, आधीचं वजन आणि नंतरचं. ते बघून मी सांगायची, आज पाणी जास्त काढलंय, पायात गोळे येतील, उशी घालून पाय वर ठेवा, आणि केळं देऊ नका, त्यातलं पोटॅशियम तिच्या रक्तात साठतं. लग्न मी केलं नाही, का नाही ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यामुळे आठवडाभरात ज्यांची वाट बघावी असे माझ्याकडे ते दोन आकडेच होते.

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसची दोन मशिनं येऊन पडली होती. रजेवर गेले होते तेव्हा मी ती मुद्दाम बघून आले. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. पाणी शुद्ध करायचा प्लांट बसवलेला नाही, चालवायला माणूस नेमलेला नाही. खोलीला कुलूप, आणि कुलपाच्या वर आमदारांच्या नावाची संगमरवरी पाटी. उद्घाटन झालेलं होतं.

आमदारांना आमच्याकडे सगळे साहेब म्हणतात. ते पहिल्यांदा निवडून आले तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर ते कधी पडलेच नाहीत, लागोपाठ पाच वेळा तेच. माणूस वाईट नाही. वडील गेल्यावर आई मला घेऊन त्यांच्या बंगल्यावर गेली होती. त्यांनी आम्हाला खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि माझ्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून दिली. दादाची नोकरी त्यांच्याच संस्थेच्या शाळेत. तालुक्यात ज्या घरात पगार येतो, त्यातल्या बऱ्याच घरांत तो त्यांच्याच संस्थेतून येतो.

मशिनांसाठी मी त्यांच्या स्वीय सहायकाला कुवेतहून तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तो म्हणाला, साहेबांच्या कानावर घालतो.

निवडणूक लागली आणि साहेब सहाव्यांदा उभे राहिले. एका शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, मी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पत्र लिहिलं. खोलीवरच्या दोन्ही मल्याळी मुली ड्यूटीवर होत्या. सकाळी नऊला बसले ते दुपारच्या अजानपर्यंत लिहीत होते. मशिनांचं सगळं लिहिलं, कुलपाचं आणि पाटीचंही. मला चिठ्ठी साहेबांनीच दिली होती हेही लिहिलं. पण ती चिठ्ठी मला लागलीच का, हा प्रश्नही विचारला. माझे मार्क पुरेसे होते. जे खिडकीवर अर्ज देऊन मिळायला हवं, त्यासाठी आपण पंचवीस वर्षं एका बंगल्यावर जातोय आणि परत येताना उपकाराखाली वाकून येतोय. समोरचा उमेदवार फार मोठा नाही, हे मला माहीत होतं. तोही कदाचित असाच निघेल, असं मी स्पष्ट लिहिलं. पण त्याला निदान एवढं कळेल की ही माणसं आपल्याला खाली उतरवू शकतात. साहेबांना ते कधी कळलेलंच नाही. शेवटी लिहिलं, त्यांच्याशी माझं वैर नाही, पण सहाव्यांदा नको.

पाठवलं आणि फोन उलटा ठेवून भात लावला.

उत्तरं यायला वेळ लागला. एकाने हात जोडलेले पाठवले, कशासाठी ते कळलं नाही. एकाने लिहिलं, बाहेर बसून शिकवणं सोपं असतं, मतदानाला येणार आहात का? हे खरं होतं. मी रजा मागितली होती. आमच्या वॉर्डातल्या दोघी आधीच सुटीवर होत्या, त्यामुळे मुख्य नर्सने नाही म्हटलं, आणि मीही फार ताणून धरलं नाही. ज्या पत्रात मी सगळ्यांना उठा म्हणत होते, ते लिहिणारी स्वतः उठून जाणार नव्हती. ग्रुपवर मी तसंच लिहिलं, येता येणार नाही.

पुढच्या शुक्रवारी दुपारी दादाचा फोन आला. मी उचलून म्हटलं, "दादा, परवाचं वजन पाठवलं नाहीस."

पलीकडून दुसराच आवाज आला. "पोरी, ओळखलंस का?"

मी उभी राहिले. खोलीत कोणी नव्हतं, तरी उभी राहिले.

साहेब शांतपणे बोलत होते. आईची चौकशी केली. वडिलांची आठवण काढली, वडील चांगलं भजन म्हणायचे म्हणाले, आणि ते खरंच म्हणायचे. मग म्हणाले, "तू लिहिलंस त्यात खोटं काही नाही. पण आधी मला एक फोन करायचा होतास, बाळा. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?"

"साहेब, मी तीनदा केला होता."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तेच लिहिलंय, साहेब."

यावर ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. प्लांटचं काम मंजूर झालंय, निवडणूक झाली की महिन्याभरात सुरू होईल, एवढ्या दोन ओळी ग्रुपवर टाक, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, काम सुरू झालं की नक्की टाकीन, फोटोसकट टाकीन. ते "बरं" म्हणाले आणि फोन दादाकडे दिला. म्हणजे दादा सगळा वेळ तिथेच बसलेला होता. त्याचा श्वास मला ऐकू आला. तो फक्त म्हणाला, "ठेवतो."

त्या संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलं होतं. आणि दादाचे आकडे बंद झाले.

आईकडे स्वतःचा फोन नव्हता, तिच्याशी बोलणं दादाच्याच फोनवरून व्हायचं. मी फोन करायची, वाजून वाजून बंद व्हायचा. मेसेज लिहिला, आई कशी आहे एवढंच सांग. त्याने वाचला. दोन दिवसांनी उत्तर आलं, "तू तिकडं बसून लिहायलीस, भोगायचं आम्ही हितं." त्यात आईबद्दल काहीच नव्हतं.

वॉर्डात मी रोज अठरा-वीस जणांची वजनं करत होते. काट्यावर आकडा स्थिरावेपर्यंत जे दोन क्षण जातात, तेवढ्यात आई आठवायची. आज तिचा दिवस आहे. आता जीप घाटात असेल. आता सुई टोचली असेल. कोणाला सांगावं असं कोणी नव्हतं. खोलीवरच्या मुली चांगल्या होत्या, पण आमची भाषा म्हणजे मोडकं हिंदी आणि ड्यूटीचं इंग्रजी. त्यात आमदार, संस्था, दादा हे सगळं कसं सांगणार? अर्दियात राहणारे आमच्याच तालुक्यातले एक एसी मेकॅनिक होते, दर ईदच्या सुटीत जेवायला बोलवायचे. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, ताई, माझा भाऊ पण संस्थेत आहे, सध्या जरा नको. मी समजले.

मतदानाच्या दिवशी मी ड्यूटीवर होते. रुमैथियाहून येणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई आहेत, मला बिन्ती म्हणतात, म्हणजे माझी मुलगी. मी त्यांच्या हातावर पट्टी बांधत होते तेव्हा त्यांनी विचारलं, आज तुझा चेहरा असा का? मोडक्या अरबीत मी सांगितलं, माझ्या आईलाही हेच आहे. हॉस्पिटल किती लांब, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, अडीच तास. त्यांना वाटलं मला अरबी आकडे नीट येत नाहीत. त्यांनी बोटं वर करून पुन्हा विचारलं. मीही बोटं वर केली. मग त्यांनी माझा हात थोडा वेळ धरून ठेवला, आणि शेजारच्या मशीनचा अलार्म वाजल्यावर मला तो सोडवून घ्यावा लागला.

साहेब निवडून आले. मताधिक्य आधीपेक्षा बरंच कमी झालं, असं बातमीत होतं. ते वाचून मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. जिंकले याचं फार दुःख झालं नाही, ते जिंकणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. दुःख याचं झालं, की बातमी वाचून फोन करावा असा एक माणूस मला सुचेना.

त्याच आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोटो आला. जिल्ह्याच्या सेंटरची डायलिसिसची चिठ्ठी. आईचं नाव, आधीचं वजन, नंतरचं वजन, रक्तदाब. खाली एक शब्दही नाही. तीन दिवसांनी दुसरा फोटो. मी लिहून विचारलं, कोण? उत्तर नाही. पण चिठ्ठीच्या कडेला धरलेला अंगठा दिसत होता, आणि त्यावर भाकरी भाजताना पोळल्याचा जुना डाग होता. वहिनी होती.

दीड महिना असे फोटो येत राहिले. मग एका दुपारी त्या नंबरवरून फोनच आला. वहिनी जीपमधून बोलत होती, मागे इंजिनचा आवाज. आई शेजारी झोपली होती. वहिनीने सांगितलं, दादाची बदली झाली, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत. रोज मोटारसायकलने दीड तास जातो. माझं नाव घरात काढलेलं त्याला चालत नाही. आईला तो सांगतो, पोरगी कामात आहे.

मी म्हटलं, "वहिनी, माझ्यामुळे झालं हे. तुम्हा सगळ्यांना त्रास झाला. आणि काढता तर आलंच नाही त्यांना."

वहिनी हळूच म्हणाली, "मी साहेबांना मत दिलं नाही."

"माझं पत्र वाचून?"

"तुमचं पत्र मी वाचलंच न्हाई. ह्यांनी वाचू दिलं न्हाई. मला कशाला पत्र लागतंय? येताना आई माझ्या मांडीवर ओकायल्या असतात अन् जीप त्याच दवाखान्याच्या दारावरून जाते. आठवड्यातून दोनदा मी ते कुलूप बघते."

मी एवढे मुद्दे मांडले होते, सकाळी नऊपासून दुपारपर्यंत बसून. आणि जिने ऐकलं असं मला आता वाटत होतं, तिला ऐकायची गरजच नव्हती. तिचं तिने ठरवलं होतं आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. मी विचारलं, दादाला माहीत आहे का? ती म्हणाली, न्हाई, अन् तुम्हीही बोलू नका. आमच्या गल्लीतल्या अजून दोघी-तिघींनी दिलं नाही, असं ती म्हणाली. एकमेकींनाही तोंडाने सांगितलेलं नाही, पण कळतं.

मशिनांवरचं प्लास्टिक अजून तसंच आहे. दादा अजून माझ्याशी बोलत नाही. पुढच्या वेळी मतदानाला जायचं मी ठरवलं आहे, रजा आधीपासून मागून ठेवणार आहे. ती मिळेलच असं नाही.

त्या दिवशी जीप थांबली, कुठेतरी चहासाठी असेल. आई जागी झाली आणि कोण आहे विचारू लागली. वहिनीने तिला काही सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. मग वहिनी पुन्हा फोनवर आली आणि तिने विचारलं, आईंना केळं खावंसं वाटायलंय, देऊ का?

मी म्हटलं, अर्धं द्या. आज डायलिसिस झालंय, आज चालेल.