आधी कठडा, मग कुदळ

पाइपासाठी खोदलेल्या चराला ना कठडा होता, ना दिवा. त्यात पडून सासूचा पाय मोडला, तेव्हापासून इस्त्रीवाली पेटून उठली होती. गल्ली पुन्हा खोदायला माणसं आली, तशी ती आपलं टेबल ओढत रस्त्याच्या मधोमध आली आणि तिथेच कपड्यांना इस्त्री करू लागली.

“बाई, बाजूला व्हा!” मुकादम खेकसला.

“आधी कठडा लावा, चालायला फळ्या टाका. मग खुशाल खोदा.”

“साहेबांना बोलावू का?”

“बोलवा की! त्यांचाही शर्ट चुरगळला असेल.”

दुपारी कठडे आले, तेव्हाच टेबल हललं. पुढे चर बुजवतानाही ती दारात ठाण मांडून होती. खिडकीतून सासू ओरडली, “सूनबाई, माती नीट चोपायला सांग गं त्यांना!”