गार्ड कुणी काढला?

क्रांती खोत भित्री आहे, हे कसबा बावड्यातल्या तिच्या गल्लीत कुणालाही विचारा. नाव वडिलांनी ठेवलेलं. ते बिद्रीला साखर कारखान्यात कामाला होते आणि मोर्चा म्हटला की झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढं. त्यांची ही थोरली लेक मात्र दारात पोस्टमन आला तरी आईच्या मागं लपायची. लग्न झालं, मुलगी झाली, चाळिशी उलटली, पण भीती काही गेली नाही. नवरा सम्राट दूध संकलनाचा टेम्पो चालवतो. त्याला यायला पाच मिनिटं उशीर झाला की ही दारात येऊन उभी राहते.

त्यातली सगळ्यात जुनी भीती इंग्रजीची. पाचवीत सरांनी तिला उभं करून विचारलं, "तो शाळेत जातो, इंग्रजीत सांग." ती म्हणाली, "ही गो टू स्कूल." सरांनी मारलं नाही. त्यांनी फक्त वर्गाला विचारलं, "हिचं काय राहिलं?" आणि साठ पोरं एका सुरात ओरडली, "ईएस!" सातवीपर्यंत तिला त्याच नावानं चिडवत होते.

माणूस ज्याला भितो त्याच्यावर नजर ठेवून असतो, तसं तिचं झालं. तिनं एक वही केली. इंग्रजी वाक्यांचे साचे त्यात लिहून काढले. आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. मराठीत 'आलोय' म्हटलं तरी चालतं, कोण ते समोरच्याला कळतं. इंग्रजीत कर्ता पहिल्यांदा आणून उभा करावा लागतो, नाहीतर वाक्य सुरूच होत नाही. प्रश्नात 'डू' किंवा 'डिड' आलं की क्रियापद परत मूळ रूपात जातं. असे चाळीसेक साचे. त्यात शब्द बदलत राहायचे, नवीन काही करायला जायचं नाही. म्हणजे चूक होत नाही.

त्या वहीच्या जोरावर तिला हातकणंगल्याच्या बाजूच्या एका कारखान्यात नोकरी लागली. तिथं प्रेसवर पत्र्याचे सुटे भाग निघतात आणि जर्मनीला जातात. तिकडच्या कंपनीला पत्रं लिहिणं हे क्रांतीचं काम. बारा वर्षांत तिचा एक साचा फार लाडका झाला. 'माल पाठवला गेला.' 'तपासणी केली गेली.' 'उशीर झाला, खेद आहे.' कर्त्याच्या जागी माल बसतो, करणारा माणूस कुठं दिसतच नाही. कुणी कुणावर बोट ठेवायला नको. भित्र्या माणसाला याहून काय पाहिजे?

मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, तीन नंबरचा प्रेस मधेच थांबला. ऑफिसात बसून प्रेसचा धाड-धाड आवाज इतका अंगवळणी पडलेला, की तो थांबल्यावरच ऐकू आला. मग एक किंकाळी. क्रांती खुर्चीतून उठली आणि तिथंच उभी राहिली. काचेतून तिला तीन नंबरचा ऑपरेटर ज्ञानू दिसला. उजवा हात डाव्या हातात धरून तो खाली बसला होता, आणि कुणीतरी त्या हाताभोवती मशीन पुसायच्या चिंध्या गुंडाळत होतं. दोन बोटं गेली.

हात प्रेसखाली जाऊ नये म्हणून पुढं जाळीचा गार्ड असतो. तीन नंबरला तो नव्हता. का नव्हता, ते क्रांतीला माहीत होतं. महिन्यापूर्वी ती मालाचं चलन घेऊन शॉपमध्ये, प्रेसच्या शेडमध्ये, गेली होती. तेव्हा मॅनेजर उदयसिंह साहेब तिथं उभे होते. "ह्या जाळीनं माल निघंना झालाय," म्हणत त्यांनी स्वतः पाना घेतला आणि चारही बोल्ट सोडले. ज्ञानू शेजारी उभा होता. "सायेब, हात जाईल की," तो म्हणाला होता. "ध्यान दिऊन काम कर, मग कसा जातोय?" साहेब म्हणाले होते. क्रांतीनं चलनावर सही घेतली आणि ती परत आली. कुणाला काही बोलली नाही.

अपघाताची बातमी कळवल्यावर दुपारीच जर्मनीहून मेल आला. अपघाताचा अहवाल इंग्रजीत पाठवा. उदयसिंह तिच्या टेबलाशी आले.

"मॅडम, लिवा. ऑपरेटरनं गार्ड काढला आणि हात घातला."

ऑपरेटर हा कर्ता, काढला हे क्रियापद, गार्ड हे कर्म. साचा बिनचूक होता. तिनं 'द ऑपरेटर' एवढं टाइप केलं आणि पुसलं. मग तिनं लिहिलं, 'द गार्ड वॉज रिमूव्ह्ड.' गार्ड काढण्यात आला होता. उदयसिंहांनी वाचलं, ओठांवर जीभ फिरवली.

"हे बरं हाय. कुणाचंच नाव न्हाय. पाठवा."

तिनं पाठवलं. खोटं एकही अक्षर नव्हतं त्यात.

गुरुवारी ती ज्ञानूला बघायला दवाखान्यात गेली. त्याची आई बनाबाई उशाशी बसली होती. ज्ञानूच्या हाताला एवढं मोठं पांढरं बोचकं. त्यानं क्रांतीकडं बघितलं.

"मॅडम, तिकडं इंग्रजीत काय लिवलंय माझ्याबद्दल?"

"तुझं नाव न्हाय त्यात," ती घाईनं म्हणाली.

"मग कुणाचं हाय?"

"कुणाचंच न्हाय."

"मग जाळी काय वाऱ्यानं उडून गेली म्हणायची?"

बनाबाईनं पदर तोंडाला लावला. "मी येतो," क्रांती म्हणाली आणि निघाली. गाडीला लावताना किल्ली दोनदा खाली पडली.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला जर्मनीच्या कंपनीशी व्हिडिओ कॉल होता. टेबलाच्या एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला उदयसिंह, आणि दोघांचं इंग्रजी बेताचं म्हणून मधे क्रांती. पडद्यावर आखूड पांढऱ्या केसांची एक बाई होती. समोर तोच अहवाल. आवाज चढवत नव्हती, हसतही नव्हती. सुरुवातीचे प्रश्न सोपे गेले. मशीन किती जुनं, शिफ्ट किती तासांची. साहेब मराठीत सांगत, क्रांती साच्यात घालून पुढं देई.

मग त्या बाईनं अहवालातल्या एका ओळीवर पेन टेकवला.

"हू रिमूव्ह्ड द गार्ड?"

चार शब्द. ना 'डू' ना 'डिड', कारण इथं कर्ताच विचारलेला असतो. 'हू'च्या जागी नाव टाकायचं की उत्तर तयार. वहीच्या तिसऱ्याच पानावर होतं ते.

उदयसिंह पुढं वाकले. खालच्या आवाजात म्हणाले, "सांगा, ऑपरेटरनं."

क्रांतीच्या कानात एकदम शिट्टी वाजल्यासारखं झालं. ब्लाउज पाठीला चिकटला. नोकरी, लेक आदितीची दहावी, घरी जाताना लागणारा उसातला तो सामसूम रस्ता, सगळं एकाच वेळी डोळ्यांपुढं आलं. पुन्हा 'वॉज रिमूव्ह्ड' म्हणावं, असंही मनात आलं. पण पडद्यावरची बाई नेमकी त्याच शब्दांवर पेन टेकवून बसली होती. लपायला तेवढीच जागा होती, ती गेली.

"मॅडम, सांगा की," उदयसिंह म्हणाले.

"मिस्टर उदयसिंह रिमूव्ह्ड द गार्ड," क्रांती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "आय सॉ इट."

मालकांना तेवढं इंग्रजी कळत होतं. त्यांनी मान वळवून उदयसिंहांकडं बघितलं. पडद्यावरच्या बाईनं काहीतरी लिहून घेतलं आणि "थँक यू, क्रांती" म्हणाली. कॉल बंद झाला.

"काय बोललीस कळतंय का तुला?" उदयसिंह म्हणाले. आजवर ते तिच्याशी कधी एकेरीत बोलले नव्हते.

"व्हय," ती म्हणाली. मग बाथरूममध्ये गेली, दाराला कडी लावली आणि उलटी केली.

पुढचे तीन आठवडे तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. मागं मोटारसायकलचा आवाज आला की ती गाडी बाजूला घेऊन थांबायची. अनोळखी नंबर आला की फोन उशीखाली. आदितीला क्लासला एकटी सोडायची नाही. सम्राट चिडायचा. "खरं बोलल्यालं एवढं जड जातंय व्हय? तू काय चोरी केलीस?" त्याचं बरोबर होतं, पण भीतीला बरोबर-चूक कळत नाही.

जर्मनीच्या कंपनीनं सांगितलं, सगळ्या प्रेसना गार्ड लागल्याशिवाय पुढची ऑर्डर नाही. आठवड्यात गार्ड लागले. अहवाल दुरुस्त करून पुन्हा गेला, त्यात चूक ज्ञानूची नव्हती असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तो मालकांनी दुसऱ्याकडून लिहून घेतला. ज्ञानू बरा होऊन आला आणि अवजारांच्या टूलरूममध्ये बसायला लागला. डाव्या हातानं लिहायला शिकतोय. जाता-येता तो क्रांतीला हात करतो. त्या प्रकाराबद्दल दोघं बोलत नाहीत.

उदयसिंह गेले नाहीत. आहेत तिथंच आहेत. क्रांतीला मात्र पत्रव्यवहारावरून काढून स्टोअरला बसवलं. तिथं इंग्रजीचा संबंध फक्त खोक्यांवरच्या नावांपुरता.

मे महिन्यात एका दुपारी उदयसिंह स्टोअरच्या खिडकीशी आले. बरोबर कुणी नव्हतं. क्रांती उठून उभी राहिली.

"हातमोजे पायजेत. बारा जोड."

तिनं मोजून दिले. त्यांनी रजिस्टरवर सही केली. पेन परत देताना ते थोडे थांबले, त्यांनी तिच्याकडं बघितलं. मग शॉपच्या दिशेनं निघून गेले.

क्रांती खाली बसली. तिनं फोन काढला आणि सम्राटला म्हणाली, "आज न्यायला या. मी एकटी येत न्हाय."

"काय झालं?"

"काय न्हाय. या तुम्ही."

पाच वाजता टेम्पो गेटवर दिसला, तेव्हा कुठं ती जागची हलली.