हॉकर सेंटरमधला संस्कारवर्ग

सिंगापुरात मी संस्कारवर्गाचा मास्तर आहे. चौथीत शाळेतून पळालो तो परत फिरकलो नाही, हे इथं कुणी विचारलं नाही म्हणून जमलं.

मुलगा इथं सॉफ्टवेअरमध्ये. मी पुण्यात जन्मभर टेम्पो हाकला आणि आता त्याच्याकडे येऊन राहिलोय, बुकित पंजांगला. आसपास बरीच मराठी घरं आहेत. सगळ्यांनी मिळून रविवारी प्रायमरीतल्या पोरांसाठी वर्ग काढलेला. मराठीत बोलायचं आणि चांगलं वागायला शिकायचं. शिकवायला एक रिटायर झालेल्या मुख्याध्यापक बाई होत्या. त्या लेकीच्या बाळंतपणाला निघून गेल्या आणि वर्ग उघडा पडला. बाकीच्यांना रविवारी कपडे, भाजी नि झोप. मग सून म्हणाली, "बाबा, तुम्ही घ्या वर्ग."

"अगं, मला बाराखडी धड येत नाही."

"बाराखडी नाही शिकवायची. संस्कार शिकवायचेत."

"ते तर त्याहून कमी."

"आई पण फोनवर हेच म्हणाल्या," सून म्हणाली. आई म्हणजे माझी बायको, ती पुण्यातच असते. "पण दुसरं कुणी मोकळंच नाहीये ना."

खरं सांगतो, मला तो वर्ग हवाच होता. नात आठ वर्षांची. घरात तिचं सगळं इंग्रजीत. मी काही विचारलं की "ओके आजोबा" म्हणायचं आणि खोलीत जायचं. वर्गात मात्र मराठीत बोलायचा नियम. आठवड्यातला तेवढा एक तास तरी नात माझ्याशी बोलणार होती. तो गेला असता तर त्या घरात माझा फ्रिज झाला असता. येता-जाता दार उघडून बघतात, बोलत कुणी नाही.

पहिल्या रविवारी मी म्हटलं, "पोरांनो, नेहमी खरं बोलावं."

एक पोरगा इथल्या सवयीनं शेवटी 'लाह' लावून म्हणाला, "आजोबा, हे स्कूलमध्ये झालं लाह."

"बरं. मोठ्यांना मान द्यावा."

"ते पण झालं."

या पोरांना शाळेत चांगुलपणाचा वेगळा तासच असतो. माझ्याकडचा सगळा माल त्यांच्याकडे आधीच पोचलेला. एकच गोष्ट मी पक्की शिकवली. मोठं माणूस बोलत असलं की मध्ये तोडायचं नाही, हात वर करायचा आणि थांबायचं. ती मात्र त्यांनी मनावर घेतली.

पण पोरं गळायला लागली. त्यातल्या एका पोराचे वडील बँकेत मोठे साहेब. ते सुनेला म्हणाले, "आणखी एक रविवार बघू. नाहीतर बंद करू वर्ग, पोरं स्विमिंगला तरी जातील." आणि तो रविवार बघायला स्वतः येतो म्हणाले.

मी रात्रभर विचार केला. म्हणजे झोपलोच, पण सकाळी उठल्यावर सुचलं. संस्कार काय खोलीत बसून होतात? पोरांना बाहेर न्यायचं. दुपारी जेवणाच्या वेळेला सगळी वरात घेऊन जवळच्या हॉकर सेंटरला गेलो. मोठी शेड, कडेनं खाण्याचे स्टॉल, मध्ये टेबलं. मी शाकाहारी, त्यात सुनेच्या हातचं जेवणारा, त्यामुळं जेवणाच्या गर्दीत तिथं कधी पाऊलच टाकलं नव्हतं. बँकवाले साहेब हात मागं बांधून इन्स्पेक्टरासारखे आमच्या मागं. जरा वेळानं ते कॉफीच्या रांगेत गेले.

आणि मला दिसलं. एका टेबलावर टिश्यूचं पाकीट, माणूस नाही. पलीकडं ऑफिसचं ओळखपत्र, माणूस नाही. त्याच्या पलीकडं चांगली घडीची छत्री. म्हटलं, देवच पावला! धडा आयता मांडून ठेवलाय.

"पोरांनो, बघा, लोक वस्तू विसरून गेलेत. दुसऱ्याची वस्तू सापडली तर काय करायचं? खिशात घालायची का? नाही. उचलायची आणि जबाबदार माणसाकडे द्यायची."

नातीनं हात वर केला.

"आधी माझं संपू दे," मी म्हटलं.

कापडी पिशवी काढली आणि निघालो. या टेबलावरचं पाकीट उचल, त्या टेबलावरचं उचल. मागं वळून बघतो तर सगळ्याच पोरांचे हात वर. मला काय वाटलं सांगू? वाटलं, काय उत्साह आहे! हात वर करून ती वरात माझ्या मागं सगळं हॉकर सेंटर फिरली, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. असले संस्कार.

टेबलं पुसणारी एक चिनी मावशी होती. भरलेली पिशवी तिच्या हातात दिली. तिनं पिशवीत बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि चिनीत जोरजोरात काहीतरी सुरू केलं. कौतुक करतेय असं समजून मी हात जोडले.

तेवढ्यात लोक परत यायला लागले. हातात सूपचे वाफाळलेले वाडगे, आणि त्यांच्या टेबलांवर दुसरेच बसलेले. कुणी इकडं बघतोय, कुणी तिकडं. एक चिनी आजोबा दोन वाडगे घेऊन उभे, मागं काठी टेकत त्यांची बायको. कॉफीचा कप धरून बँकवाले साहेब पण आले. "माझी छत्री कुठंय?"

मी नातीला म्हटलं, "हं, आता बोल."

"आजोबा, ते लोक विसरले नाहीत. ते चोप आहे."

"म्हणजे?"

"टिश्यू ठेवला की सीट आपली. मग फूड आणायला जायचं. कोणी घेत नाही. तुम्ही सगळ्यांची सीट घेतली."

आपल्याकडचा चोप वेगळा, पण तोही मिळायच्या बेतात होता. जन्मभर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा मी, आणि इथं लोकांचे रुमाल गोळा करून मोकळा झालो! गुपचूप एलआरटी स्टेशनकडं सटकायला वळलो, तर नातीनं मागून शर्ट धरला.

"नो. आधी सॉरी म्हणायचं. तुम्ही केलं ना? मग तुम्हीच म्हणायचं."

आणि मग पोरांनी जे केलं! मघाशी हात वर करून फिरताना त्यांना बघण्याशिवाय काम नव्हतं, त्यामुळं कुठली वस्तू कुठल्या टेबलावरची हे सगळ्यांना पाठ. "मांजरवालं पाकीट खांबाजवळचं!" "कार्ड फॅनखालचं!" मावशीकडून पिशवी घेऊन पोरं पांगली. बसलेल्या लोकांना काय झालं ते नीट समजावून सांगत होती, आणि लोक हसत उठत होते. साहेबांच्या पोरानं काठीवाल्या आजींना हात धरून खुर्चीपर्यंत नेलं. माझ्या नातीनं दोन ऑफिसवाल्यांना सरकवून एका बाईला जागा करून दिली. मी प्रत्येक टेबलाशी जाऊन "सॉरी अंकल, सॉरी आंटी" म्हणत होतो. माझं सगळं इंग्रजी त्या दिवशी संपलं. शेवटी मावशीनं उष्ट्या वाडग्यांचा ट्रे माझ्या हातात देऊन ठेवायची जागा दाखवली. मी निमूटपणे नेऊन ठेवला.

ते चिनी आजोबा मला इथल्या इंग्रजीत काहीतरी म्हणाले आणि पाठीवर एक थाप दिली. हाडं वाजली.

"काय म्हणाले गं?"

"म्हणाले, ग्रँडफादर नवीन आहे, पण मुलं गुड आहेत."

माझा शर्ट छातीवर घट्ट झाला. पण साहेब कोपऱ्यात बसले होते, छत्री गुडघ्यात धरून. गेलो त्यांच्याजवळ. "साहेब, वर्ग बंद करायचा तर करा. पोरांना काही बोलू नका, त्यांनी हात वर केला होता."

"काका, माझा मुलगा हॉटेलात पाणी मागायला लाजतो," ते म्हणाले. "आज त्यानं चार अनोळखी माणसांना उठवलं, वर थँक्यू म्हणाला. तुम्ही काय बंद करताय? पुढच्या रविवारी कुठं नेणार ते सांगा."

पुढच्या रविवारी गळलेली पोरं परत आली. वुडलँड्सहून दोन घरं नवीन आली. आता आम्ही दर वेळी बाहेर जातो, कधी बाजारात, कधी लायब्ररीत, कधी बस स्टॉपवर. मी माझ्या अकलेनं वागतो आणि पोरं मला सुधारतात. मला दुसरी भाषा कळत नाही, त्यामुळं त्यांना मराठीतच सुधारावं लागतं. आणि नात? ती आता मंगळवारीही बोलते, बुधवारीही बोलते. जेवताना एवढी बोलते की सून ओरडते, ताट गार झालं म्हणून.

परवा बाहेर पडायच्या आधी जमायलाच खोली पुरेना. घरी आल्यावर जेवायला बसलो तेव्हा मी सुनेला म्हटलं, "बघितलंस? शिकवणं रक्तात असावं लागतं."

नातीनं ताटातून मान वर केली नाही. "आजोबा, तुम्हाला शिकवायला येतच नाही. तुम्ही आज काय चुकणार ते बघायला सगळे येतात."