भरमारीवरचे ठिपके

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तेही नीट कळत नाही.

ऐंशीच्या दशकात मी आरमोरीच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात शिपाई होतो. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या. बहुतेक जुन्या भरमारी — तोंडातून दारू ठासायच्या, धानातली रानडुकरं हाकलायला ठेवलेल्या. त्यांच्यावर कारखान्याचा नंबर कुठून असणार? गावचा लोहारच टोच्याने नळीवर बारीक ठिपके ठोकायचा आणि ठिपक्यांतून आकडे उमटायचे. ठाण्याजवळच्याच गावात धान पिकवणारे शामरावभाऊ; त्यांच्या आज्यापासून चालत आलेल्या भरमारीवर असाच नंबर होता. जमा करून घेताना मीच तो परवान्याशी ताडून पाहिला, त्यांच्यासमोर मोठ्याने वाचला.

कोठीत ओल होती, नळ्यांवर गंज चढला. मी नवा, उत्साह उतू चाललेला. साहेब शाबासकी देतील म्हणून पॉलिश पेपर घेऊन बसलो. पहिली हाताला लागली ती शामरावभाऊंचीच. ठिपके इतके उथळ असतील असं डोक्यातच आलं नाही. गंज गेला — आणि नंबरही गेला. मी काय केलं? चकाकी लपावी म्हणून नळीला तेल-काजळी चोपडली आणि बंदूक जागेवर ठेवून दिली.

परत देताना साहेबांनी फडक्याने नळी पुसली. नंबर घासलाय म्हणाले, म्हणजे बंदूक चोरीची. शामरावभाऊ गडबडून गेले.

"मी काऊन घासन जी? या भाऊनं वाचला होता न नंबर. सांगा न भाऊ, साहेबाले."

"वहीत नंबर परवान्यावरूनच उतरवला, साहेब," मी म्हणालो. "नळीवर होता का, याद नाई."

बंदूक जप्त झाली, खटला उभा राहिला. त्या हंगामात ते डबे बडवत धान राखत होते, तरी डुकरांनी उभ्या धानाची बांधी लोळवली. ती रस्त्यालगतच होती, मला येता-जाता दिसायची. नोकरी जाईल ही भीती होती का? होतीच. पण खरं सांगू — साहेबांपुढे मूर्ख ठरण्याची लाज त्याहून मोठी होती.

तारखेला कोर्टात भेटले तरी ते माझ्यावर चिडत नसत. जवळ येऊन हळूच विचारत, "आता तरी आठवलं का जी, भाऊ?" त्यांना वाटायचं, मी खरंच विसरलोय. मी नुसती मान हलवायचो — नाही म्हणून.

निकाल लागायच्या आधीच शामरावभाऊ वारले, चोरीची बंदूक बाळगणारा म्हणून. तो नंबर मला आजही तोंडपाठ आहे.